स्योकिमाऊ हे स्टेशनच्या आधी एका बाईचं नाव होतं

प्रश्न

मी नैरोबीत राहते. इथल्या मराठी घरांतल्या मुलांसाठी दर शनिवारी दोन तास मराठीचा वर्ग घेते. तेरा ते सोळा वयाची अकरा मुलं आहेत. यंदा ठरवलं, की त्यात थोडा आफ्रिकेचा इतिहास, इथली संस्कृतीही शिकवावी. यातली बरीचशी मुलं इथंच लहानाची मोठी झाली, पण त्यांना आफ्रिका म्हणजे सफारी, मॉल आणि शाळेची बस एवढीच ठाऊक. पहिल्याच दिवशी एक मुलगा म्हणाला, "यांना कुठला इतिहास? इंग्रज आले तेव्हाच सुरू झाला ना?" बाकीची हसली. नेमक्या त्याच वेळी आमच्याकडे कामाला असलेल्या मावशी चहाचे कप घेऊन आत येत होत्या. त्या किटुईकडच्या, कांबा समाजाच्या. आठ वर्षं मराठी घरांत काम करताहेत, त्यांना मराठी चांगलं समजतं. मुलाला हे माहीत नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत, कप ठेवून गेल्या. मला रात्रभर झोप लागली नाही. वर दोन पालकांनी सुनावलं, की मुलांना शिवाजी महाराज धड माहीत नाहीत आणि तुम्ही आफ्रिका काय शिकवताय. कुठून सुरुवात करू? गुलामगिरीसारखे विषय या वयात काढायचे का? की नाच, जेवण, कपडे यांवरच भागवू?

– शनिवारच्या वर्गाची ताई, नैरोबी

उत्तर

प्रिय ताई,

तुम्ही तीन-चार प्रश्न विचारलेत, पण मी पत्रातलं एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिले. "कप ठेवून गेल्या." तिथूनच सुरू करू या. तुमच्या वर्गातल्या मुलानं जे विचारलं त्याचं उत्तर त्या क्षणी हातात ट्रे घेऊन दारात उभं होतं.

मावशी कांबा आहेत म्हणता. मग येत्या शनिवारी फळ्यावर एकच शब्द लिहा, 'केनिया', आणि विचारा की हे नाव कुठून आलं. कुणीतरी नक्की म्हणेल, इंग्रजांनी ठेवलं. मग सांगा. 1849 च्या डिसेंबरात क्राप्फ नावाचा एक जर्मन मिशनरी किटुईत किवोई या कांबा सरदाराकडे उतरला होता. किवोई साधा गावप्रमुख नव्हता. हस्तिदंताचे तांडे घेऊन मोंबासाच्या किनाऱ्यापर्यंत येणं-जाणं असलेला तो बडा व्यापारी होता. त्याच्या मुलखातून क्राप्फला लांबवर बर्फाचा एक डोंगर दिसला. किकुयू लोक त्याला किरिन्यागा म्हणत. कांबांच्या तोंडी तेच नाव वेगळं वळण घेऊन 'किन्या'सारखं होई. काळा कातळ आणि त्यावर पांढरं बर्फ, अगदी नर शहामृगाच्या पिसांसारखं, म्हणून शहामृगाचा डोंगर, असा त्याचा अर्थ सांगतात. क्राप्फनं कानाला ऐकू आलं तसं टिपून घेतलं, डोंगराचं नाव पुढं सगळ्या देशाला लागलं. तुमच्या मुलांच्या शाळेच्या ओळखपत्रावर जे नाव छापलेलं आहे ते असं मावशींच्या पणज्या-खापरपणज्यांच्या बोलण्यातून आलेलं आहे.

हे सांगून झालं की दुसरा शब्द लिहा: स्योकिमाऊ. यावर सगळी एकदम बोलतील, कारण मोंबासाला जाणारी गाडी तिथूनच सुटते, कुणाचा तरी मित्र तिथल्या सोसायटीत राहतो. ती एक बाई होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. कांबा लोक सांगतात, की रेल्वे यायच्या कितीतरी आधी मचाकोसच्या बाजूला स्योकिमाऊ नावाची एक द्रष्टी बाई राहायची. तिनं सांगून ठेवलं होतं, की एक लांबलचक साप येईल, तोंडातून धूर आणि आग सोडत एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत पसरेल, आणि त्याच्याबरोबर कच्च्या मांसाच्या रंगाची, खिशात विस्तव बाळगणारी माणसं येतील. खिशातला विस्तव म्हणजे काड्यापेटी. मुलं हे क्षणात ओळखतात, त्यांना ओळखू द्या.

तो साप 1896 साली मोंबासाहून निघाला, 1899 साली नैरोबीला पोचला आणि 1901 साली व्हिक्टोरिया सरोवराला टेकला. समुद्राच्या पाण्यापासून सरोवराच्या पाण्यापर्यंत. नैरोबी हे शहरच मुळात या रुळांच्या कामासाठी मांडलेला तळ होता. आणि ते रूळ टाकायला हिंदुस्थानातून सुमारे 32,000 मजूर आणले होते, बहुतेक पंजाबकडचे. त्यातले जवळपास 2,500 इथंच मेले. सिंहांनी खाल्लेल्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण ताप, हगवण आणि अपघात यांनी त्याहून कितीतरी जास्त माणसं नेली. तुमच्या मुलानं विचारलं ना, यांना कुठला इतिहास? त्याला दाखवा, की कांबा बाईच्या तोंडून सांगितलेली गोष्ट आणि हिंदुस्थानी मजुरानं ठोकलेला रूळ एकाच स्टेशनावर भेटतात, आणि त्या स्टेशनावरून तो सुट्टीत डायनीच्या समुद्रकिनाऱ्यावर जातो.

डायनीला जायचं नसेल तर मालिंदीला म्हणा. मुद्दा तो नाही. मुद्दा हा, की या वयाच्या मुलांना 'आफ्रिका खंडाची ओळख' नको असते. त्यांना नाव हवं असतं, जागा हवी असते, आणि ती जागा आपण पाहिलेली असली तर फारच बरं.

आता त्या मुलाबद्दल. त्याला वर्गासमोर झापू नका. त्याच्या मनात वाईट नव्हतं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं; न सांगणाऱ्यांत त्याची शाळा आली, घर आलं आणि आपण सगळे आलो. पण मावशींना मराठी कळतं हे त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगा. पुढं काय करायचं ते तो ठरवेल. मुलं आपल्याला वाटतं त्यापेक्षा लाजरी आणि सरळ असतात. बहुधा तो स्वतःहून त्यांच्याकडे जाईल. गेला तर तुम्ही तिथं थांबू नका.

मावशींना मात्र लगेच वर्गात उभं करून "आमच्या मुलांना तुमची संस्कृती सांगा" असं म्हणू नका. तुम्ही त्यांना पगार देता. तुम्ही मागितलेल्या गोष्टीला त्या नाही म्हणू शकत नाहीत. स्योकिमाऊची गोष्ट त्यांच्या आजीनं कशी सांगितली होती हे जाणून घ्यायचं असेल तर स्वयंपाकघरात, दोघी बसून, तुम्ही आधी विचारा. त्यांना सांगावंसं वाटलं आणि पुढं वर्गात यावंसं वाटलं, तर बाहेरच्या एखाद्या पाहुण्या शिक्षकाला द्याल तेवढं मानधन त्यांना वेगळं द्या. त्या दिवशी चहा मुलं करतील.

हे मी इतक्या ठासून लिहितेय त्याला कारण आहे. मी स्वतः मोंबासात सात वर्षं शिकवत होते. पहिल्या वर्षी मीही 'आफ्रिकन संस्कृती सप्ताह' केला. मुलांना कागदी पुठ्ठ्याचे मुखवटे करायला लावले, लाल-पिवळे पट्टे, मोठाले दात, काथ्याचे केस. भिंत छान भरली. शाळेतले स्वाहिलीचे शिक्षक आले, शांतपणे सगळे मुखवटे पाहिले आणि म्हणाले, "हा कुठल्या लोकांचा? कोण घालतं? कधी?" माझ्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. दक्षिणेकडच्या माकोंडे लोकांत मुखवट्यांची मोठी परंपरा आहे, मुलं वयात आली की त्या वेळच्या नाचात ते घालतात, हे मला नंतर त्यांच्याकडूनच कळलं. मसाई मुखवटे घालतच नाहीत. मी चोपन्न देशांचा मिळून एक चेहरा केला होता आणि तो कुणाचाच नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही ते सगळे उतरवले आणि का उतरवतोय ते मुलांना सांगितलं. त्या वर्षातला तो सगळ्यांत चांगला तास झाला.

तेव्हापासून माझं पक्कं मत आहे, की आफ्रिका एकदम शिकवायला घेऊच नये. भारताच्या नऊपट मोठा मुलूख आहे तो. तुम्ही केनियात आहात, केनिया शिकवा. त्यातही आधी रेल्वेचा रस्ता आणि किनारा. मालीचा मन्सा मुसा 1324 साली हजला जाताना काहिऱ्यात इतकं सोनं वाटत गेला की तिथला सोन्याचा भाव पुढं कित्येक वर्षं पडलेला राहिला, ही गोष्ट मुलांना आवडते, एखाद्या पावसाळी दुपारी जरूर सांगा. पण 'बघा, यांच्याकडेही श्रीमंत राजे होते' असं पटवून देण्यासाठी ती वापरू नका. एखाद्या समाजाला मान मिळायला सोन्याचा राजा असावाच लागतो, असं मुलांच्या डोक्यात बसलं तर किटुईच्या शेतकऱ्याला ती कुठं ठेवणार?

किनाऱ्यावर एक जागा अशी आहे की ती तुमचं निम्मं काम करील. मालिंदी आणि वाटामूच्या मधली गेडी. बाराव्या ते सतराव्या शतकातलं स्वाहिली लोकांचं शहर, प्रवाळाच्या दगडात बांधलेलं: जामा मशीद, वाडा, विहिरी, घराघरात न्हाणी आणि संडास. नंतर ते ओस पडलं आणि जंगलानं गिळलं. 2024 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथल्या घरांत कोण राहत होतं हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून उत्खनन करणाऱ्यांनी जे ज्या घरात सापडलं त्याचंच नाव त्या घराला दिलं. कात्रीचं घर. कवड्यांचं घर. चिनी नाण्याचं घर. हस्तिदंती पेटीचं घर. लोखंडी दिव्याचं घर, आणि तो दिवा हिंदुस्थानातून आलेला.

मी मुलांना तिथं नेलं की आधी काहीच सांगायची नाही. दोन घरं दाखवायची आणि विचारायचं, पाचशे वर्षांनी तुमचं घर उकरलं तर त्याला काय नाव देतील? एका वर्षी एक मुलगी म्हणाली, कुकरच्या शिट्टीचं घर. दुसरा म्हणाला, आमचं बॅटऱ्यांचं. खूप वेळ हे चाललं होतं. मग एक मुलगा, जो वर्षभर वर्गात फारसा बोललाच नव्हता, विचारता झाला, "बाकीचे लोक कुठं राहायचे? एवढ्याच घरांत?" आम्ही आतला कोट आणि बाहेरचा कोट यांच्या मधल्या झाडीत उभे होतो. त्याला म्हटलं, तू उभा आहेस तिथं. शहरातली बहुतेक माणसं कुडाच्या, गवतानं शाकारलेल्या घरांत राहत होती, ती घरं मातीत मिसळून गेली. तो खाली बघत राहिला आणि त्यानं पाय थोडा बाजूला घेतला.

या एका भेटीतून इतकं काही निघतं, की तुम्हाला महिनाभर पुरेल. चिनी बशी इथं कशी आली? वाऱ्यावर. वर्षाचे काही महिने वारा तिकडून इकडं वाहतो, काही महिने इकडून तिकडं, आणि शिडाची गलबतं त्या वाऱ्याच्या वेळापत्रकानं चालत. किनाऱ्यापासून आत शेकडो मैलांवर, आजच्या झिम्बाब्वेतल्या चुन्याशिवाय रचलेल्या त्या प्रचंड दगडी भिंतींमध्येसुद्धा हिंदुस्थानी काचमणी सापडले आहेत. 1331 साली इब्न बतूता हा प्रवासी आजच्या टांझानियातल्या किल्वाला आला तेव्हा त्यानं ते शहर जगातल्या अतिशय देखण्या, नीट बांधलेल्या शहरांपैकी एक असल्याचं लिहून ठेवलं. इंग्रज यायच्या साडेपाचशे वर्षं आधी.

आणि शब्द! तुमचा वर्ग मराठीचा आहे, हे विसरू नका. मुलांना एक वही द्या आणि स्वाहिलीतले ओळखीचे शब्द गोळा करायला सांगा. पेसा, गारी, रांगी, दुका, चाय, चपाती, बिमा. एंबे म्हणजे आंबा. गुनिया म्हणजे गोणी. पहिल्यांदा हसतील, मग शोधायची चटक लागेल. म्हणींचंही तसंच. 'हाबा ना हाबा हुजाझा किबाबा', म्हणजे चिमूट चिमूट करत माप भरतं. आपलं थेंबे थेंबे तळे साचे. 'म्गेनी सिकु म्बिली, सिकु या तातु म्पे जेंबे', म्हणजे पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल काढतात. इथं त्याला शेतावर पाठवतात. यातला फरक काय सांगतो, यावर मुलांना वाद घालू द्या, तुम्ही मधे पडू नका. मटाटू, म्हणजे इथली प्रवासी मिनीबस, हा शब्दही 'तातु' म्हणजे तीन यावरून आला, सुरुवातीला भाडं तीन नाणी होतं म्हणून. मटाटूवाल्यांची 'शेंग' नावाची स्वाहिली-इंग्रजी मिसळीची बोली तुमची मुलं तुमच्यापेक्षा चांगली बोलत असतील. त्या तासाला त्यांना शिकवू द्या.

आता कठीण भाग. तुम्ही विचारलंत, गुलामगिरी सांगायची का. सांगायचीच. तेरा वर्षांच्या मुलाला अन्याय कळतो. त्याला न कळणारी गोष्ट म्हणजे आकडा. अटलांटिक ओलांडून नेण्यासाठी सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली, हे एकदा सांगा आणि पुढं एका माणसाचं नाव घ्या. मराठी मुलांसाठी ते नाव तयारच आहे.

1548 च्या सुमारास इथिओपियात एक मुलगा जन्मला, चापू त्याचं नाव. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. एका मालकाकडून दुसऱ्याकडे, बगदादपर्यंत, आणि शेवटी समुद्र ओलांडून अहमदनगरला. तिथं त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान हाही एकेकाळचा हबशी गुलामच. हबशी म्हणजे हबशचा, आणि हबश हे इथिओपियाचं जुनं अरबी नाव. मुलं हा शब्द शिवीसारखा वापरत असतील तर इथंच थांबून अर्थ सांगा. हाच चापू पुढं मलिक अंबर झाला. 1600 साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर बुडती निजामशाही त्यानं पंचवीस वर्षं तोलून धरली, गनिमी काव्यानं मोगलांना दख्खनमध्ये दमवलं, खडकी वसवली तीच पुढं औरंगाबाद झाली, आणि तिथं खापराच्या नळांतून पाणी खेळवलं. 1624 च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूनं शहाजीराजे लढले. त्याची कबर खुलताबादला आहे.

जे पालक म्हणतात की आधी शिवाजी महाराज शिकवा, त्यांना हे सांगा आणि अगदी आदरानं विचारा, की शहाजीराजांची गोष्ट मलिक अंबरला वगळून कशी सांगायची. जंजिऱ्याचा सिद्दी वगळून महाराजांचं आरमार कसं सांगायचं? आणि मोंबासाला गेलात तर फोर्ट जीझसमधल्या संग्रहालयात पालकांनाही बरोबर न्या. तिथं 'सांतु अंतोनियु द तान्ना' या पोर्तुगीज जहाजाच्या वस्तू मांडल्या आहेत. 1697 साली ओमानच्या लोकांनी किल्ल्याला वेढा घातलेला असताना मदतीला आलेलं ते जहाज किल्ल्यासमोरच बुडालं. ते 1681 च्या सुमारास बांधलं गेलं होतं वसईत. नावातलं 'तान्ना' म्हणजे आपलं ठाणं. मोंबासाच्या गाळात ठाण्याचं नाव निघाल्यावर माझ्या माहितीतला एकही मराठी पालक गप्प राहू शकलेला नाही.

पण एक धोका आहे तोही सांगते. मलिक अंबर आपल्याला इतका आवडतो की आपण तिथंच थांबतो, आणि मग आफ्रिका म्हणजे 'आपल्या इतिहासात आलेली माणसं' एवढीच उरते. तो दार आहे, घर नव्हे. त्याला विकलं तेव्हा त्याच्या आईचं काय झालं असेल, हा प्रश्न विचारून मुलांना परत तिकडं पाठवा. आणि विकत घेणारे, पैसा पुरवणारे कोण होते हेही झाकू नका. यात युरोपातले लोक होते, अरब होते, आफ्रिकेतले राजेही होते, आणि झांझिबारच्या बाजारात ज्यांचं भांडवल फिरलं त्यांत कच्छचे सावकारही होते. गोव्यात पोर्तुगिजांनी मोझांबिकहून गुलाम आणले. मुलं खरं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवतात. आपली बाजू आली की आवाज खाली गेला, हे त्यांना लगेच कळतं.

दोन गोष्टी मात्र करू नका. चाबकाच्या वळांचे फोटो भिंतीवर लावू नका. आणि 'तू मालक, तू गुलाम' असं नाटक मुलांकडून कधीही करून घेऊ नका. कोण कुणाला काय म्हणालं ते पुढं वर्षभर चिकटून राहतं.

इंग्रजी अमलाविषयी सांगताना किपांडेपासून सुरू करा. पहिल्या महायुद्धानंतर सोळा वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकन पुरुषाला आपली ओळखपत्रिका पत्र्याच्या डबीत घालून गळ्यात अडकवावी लागे. त्यावर बोटांचे ठसे, मालकाचं नाव, पगार. किकुयू लोक त्या डबीला 'म्बुगी' म्हणत, बकरीच्या गळ्यातली घंटा. तुमच्या वर्गातला सोळाचा मुलगा कोण आहे ते बघा आणि फक्त त्याच्याकडे बघून हे सांगा, बाकी काही बोलायची गरज नाही. तेव्हा शाळा, दवाखाने, वस्त्या तीन होत्या: गोऱ्यांच्या, एशियनांच्या, आफ्रिकनांच्या. आपण मधल्या पायरीवर बसलो होतो. वरच्यांनी आपल्याला गोऱ्यांसाठी राखलेल्या हायलँड्समध्ये जमीन घेऊ दिली नाही हे खरं, आणि खालच्यांकडे आपणही वरूनच पाहिलं हेही खरं. इंग्रजांविरुद्धच्या माउ माउ लढ्यात छळ झालेल्या 5,228 वृद्धांना ब्रिटिश सरकारनं भरपाई दिली ती 2013 साली. मुलांचा जन्म आणि हे साल यांत किती अंतर आहे, ते त्यांनाच मोजू द्या.

त्या मधल्या पायरीवरून खाली उतरलेला एक माणूस त्यांना भेटवा. पियो गामा पिंटो, 1927 साली नैरोबीत जन्मलेला गोंयकार. भारतात शिकला, गोव्याच्या मुक्तीसाठी धडपडला, केनियात परतून स्वातंत्र्यलढ्यात पडला, त्यासाठी इंग्रजांच्या स्थानबद्धतेत वर्षं काढली. स्वतंत्र केनियाच्या संसदेत तो सदस्य होता. 24 फेब्रुवारी 1965 ला नैरोबीत त्याच्याच घरासमोर त्याला गोळ्या घातल्या.

आणि मेकातिलिली वा मेन्झा. हिला वगळून मी एकही वर्ष घालवलं नाही. 1913 साली इंग्रज अधिकारी किनाऱ्यालगतच्या गिरियामा लोकांच्या मुलखात तरुण मुलं मागायला आला, मजुरीसाठी, ओझी वाहायला. गिरियामा लोक सांगतात, की भरसभेत मेकातिलिली एक कोंबडी आणि तिची पिल्लं घेऊन आली आणि अधिकाऱ्याला म्हणाली, यातलं एक पिल्लू उचल. त्यानं हात घातला, कोंबडीनं टोच मारली. ती म्हणाली, आमच्या पोरांना हात लावलास तर असंच होईल. तिनं गावोगाव फिरून नाचातून लोक जागे केले. इंग्रजांनी तिला पकडून देशाच्या दुसऱ्या टोकाला, किसीला धाडलं. ती तिथून निसटली आणि चालत घरी आली. मुलांना नकाशावर किसी आणि मालिंदी दाखवा आणि बोटानं तो रस्ता चालायला सांगा. 'नाच शिकवू का' असं विचारलंत ना? शिकवा, पण असा, की तो कुणी, कधी, कशासाठी नाचला हे आधी कळेल. जेवणाचंही तेच. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुकुमा विकी करणं सोपं आहे. 'सुकुमा विकी' म्हणजे 'आठवडा ढकला', पगार होईस्तोवर पुरवून खायची भाजी. एवढं माहीत असलं की घास वेगळा लागतो.

शिस्तीत अभ्यासक्रम आखू नका. दहा शनिवार मिळाले तर त्यातले तीन स्योकिमाऊ आणि रेल्वेवर गेले तरी चालेल. पुस्तकातून वाचून दाखवण्यापेक्षा एक दिवस नैरोबीच्या रेल्वे संग्रहालयात जा, एक दिवस राष्ट्रीय संग्रहालयात. तिथं तुर्काना सरोवराजवळ 1984 साली कामोया किमेऊ यांनी शोधलेल्या पंधरा-सोळा लाख वर्षांपूर्वीच्या मुलाची कथा आहे. तो मुलगा मेला तेव्हा तुमच्या वर्गातल्या सगळ्यांत धाकट्यापेक्षाही लहान होता. आणि तो शोधणारे किमेऊ हे कांबा होते. मावशींना हे माहीत असेल. नसलं तर तुम्ही सांगा.

पहिल्या तासाला फक्त दोन शब्द फळ्यावर असू देत, केनिया आणि स्योकिमाऊ. आणि स्योकिमाऊ हा उच्चार वर्गाआधी मावशींकडून नीट करून घ्या. मी देवनागरीत लिहिलाय खरा, पण तो त्यांच्या तोंडूनच ऐकायला हवा.